रविवार मिळाला, पण दिवसाचं काय? बारा तासांच्या कामाचा वाद आणि नारायण मेघाजी लोखंडे

जानेवारी २०२५ मध्ये 'लार्सन अँड टुब्रो'चे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचा एक व्हिडिओ देशभर फिरला. आठवड्याला ९० तास काम करायला हवं, असं ते त्यात सांगत होते. लोकांना रविवारी कामावर बोलावता येत नाही, याची खंतही त्यांनी बोलून दाखवली. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये 'इन्फोसिस'चे संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करण्याचा सल्ला दिला होता. दोन्ही वेळा भरपूर टीका झाली, विनोद झाले आणि विषय मागे पडला.

३ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने एक निर्णय घेतला. कारखान्यांमध्ये दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर आणि दुकानं-आस्थापनांमध्ये ९ वरून १० तासांवर नेण्याला त्यात मंजुरी देण्यात आली. कोणा उद्योगपतीच्या भाषणापेक्षा याचा परिणाम कितीतरी जास्त लोकांवर होणार आहे. तरी त्यावर विनोद फारसे झाले नाहीत, चर्चाही त्या मानाने थोडीच झाली.

या वादात एक नाव हमखास निघतं. आपल्याला रविवारची सुट्टी मिळवून दिली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी, असं सांगणारे संदेश दरवर्षी १० जूनला फिरतात. माहिती बरोबरच आहे. पण लोखंडे यांनी रविवारसोबत आणखी काय काय मागितलं होतं, हे त्या संदेशांत सहसा नसतं. ती यादी समोर ठेवली की आजच्या बारा तासांच्या निर्णयाकडे बघायची नजर बदलते.

कोण होते लोखंडे?

लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्यातला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा सुरू केली, तेच हे वर्ष. घर फुलमाळी समाजातलं, परिस्थिती बेताची. शिक्षण मॅट्रिकच्या आसपास थांबलं. काही काळ रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी केल्यावर ते मुंबईत भायखळ्याच्या मांडवी मिलमध्ये लागले. काम होतं कोठारावरच्या कारकुनाचं. म्हणजे साच्यावर उभे राहणारे ते कामगार नव्हते. पण गिरणीत कोण किती वाजता येतो, कोणाचा पगार किती दिवस अडकतो आणि यंत्रात हात सापडलेल्या माणसाचं पुढे काय होतं, हे त्यांना रोज दिसत होतं.

दुसरीकडे ते सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते. फुले यांनी हा समाज १८७३ मध्ये स्थापन केला. त्याच प्रवाहातून कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात 'दीनबंधू' हे पत्र सुरू केलं. ते आर्थिक अडचणीत आल्यावर १८८० मध्ये लोखंडे यांनी ते मुंबईत आणलं आणि त्याचं संपादन हाती घेतलं. शेतकरी, कामगार आणि जातीच्या उतरंडीत खाली ठेवलेले लोक यांच्याविषयी नियमित लिहिणारी वृत्तपत्रं तेव्हा जवळपास नव्हतीच. 'दीनबंधू' लिहीत होतं. पुढे फुले स्वतःही मुंबईत येऊन गिरणी कामगारांच्या सभांमध्ये बोलले.

ही पार्श्वभूमी सांगायचं कारण असं की लोखंडे यांच्यासाठी सुट्टीचा प्रश्न सुटा नव्हता. गिरणीत राबणारा माणूस बहुतेक करून कोकणातून किंवा घाटावरून आलेला, जमीन तोकडी असलेला किंवा नसलेला, अक्षरओळख नसलेला असे. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत यंत्रापुढे उभा असलेला हा माणूस शिकणार कधी, चार लोकांत बसणार कधी, सभेला जाणार कधी? विद्येवाचून होणारी हानी हा सत्यशोधकांच्या मांडणीचा पाया होता, आणि विद्येला आधी वेळ लागतो. विश्रांतीची मागणी ही त्यामुळे फक्त थकव्यापोटी आलेली नव्हती, असं मला वाटतं.

गिरणीतला दिवस कसा असायचा?

मुंबईत पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली आणि पुढच्या तीन दशकांत गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली. विजेचे दिवे अजून आले नव्हते. त्यामुळे कामाचा दिवस म्हणजे उजेडाचा दिवस. हिवाळ्यात तो थोडा आखूड, उन्हाळ्यात तेरा-चौदा तासांपर्यंत लांब. बहुतेकांकडे घड्याळ नव्हतं. अंधारातच घर सोडायचं, गिरणीच्या दाराशी येऊन थांबायचं आणि उजाडलं की आत जायचं.

दुपारी मशीन थांबेलच असं नव्हतं. शेजाऱ्याला आपल्या साच्याकडे लक्ष ठेवायला सांगून पंधरा-वीस मिनिटांत भाकरी खायची, तीही उडणाऱ्या कापसाच्या तंतूंमध्ये. ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. मोठ्या सणांना गिरणी बंद राहायची, तेवढीच सुट्टी. काही गिरण्या रविवारी बंद असत, पण तेव्हाही यंत्रं पुसायला कामगारांना अर्धा दिवस बोलावलं जाई. पगार महिना संपून बरेच दिवस उलटल्यावर हातात पडायचा.

१८८१ मध्ये देशातला पहिला फॅक्टरी कायदा झाला. त्यात सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी आली आणि ७ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला नऊ तासांची मर्यादा ठरली. हा कायदा शंभर किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कारखान्यांपुरताच होता. प्रौढ कामगारांच्या तासांविषयी, मग तो पुरुष असो की स्त्री, त्यात एक ओळही नव्हती.

१८८४ ची यादी

या कायद्यात बदल हवेत का, हे तपासायला मुंबई सरकारने १८८४ मध्ये एक आयोग नेमला. लोखंडे यांनी संधी साधली. त्याच वर्षी त्यांनी 'बॉम्बे मिल हॅन्ड्स असोसिएशन' उभी केली. सप्टेंबरमध्ये परळला कामगारांच्या सभा भरल्या आणि पाच हजारांहून अधिक कामगारांच्या सह्या-अंगठ्यांचा अर्ज आयोगापुढे गेला.

या असोसिएशनला देशातली पहिली कामगार संघटना म्हणतात. काही अभ्यासकांचा याला आक्षेप आहे, आणि तो अगदीच चुकीचा नाही. सभासदांची यादी, वर्गणी, नियमावली असं तिच्याकडे काही नव्हतं. आजच्या अर्थाने ती युनियन नव्हती. पण हजारो निरक्षर कामगारांना एका कागदामागे उभं करायचं आणि तो कागद सरकारदरबारी पोहोचवायचा, हे काम तिने केलं. ते आधी कोणी केलं नव्हतं.

अर्जात पाच मागण्या होत्या. दर रविवारी सर्वांना पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावा. आणि कामावर गंभीर दुखापत झाली तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार, कायमचं अपंगत्व आलं तर पोटापाण्याची सोय.

शेवटच्या दोन मागण्या वरवर पाहता विश्रांतीच्या नाहीत. पण ज्याचा महिना-दीड महिन्याचा पगार मालकाकडे अडकलाय, तो गावी जायला किंवा दोन दिवस आजारी पडायला धजावत नाही. हात चिरडला तर घरी बसण्याऐवजी दुसऱ्या दिवशी कामावर हजर होतो, कारण नाही गेलं तर पैसे नाहीत. पगाराची आणि दुखापतीची हमी नसेल तर सुट्टी कागदावर राहते, हे ज्याने अर्ज लिहिला त्याला नक्की ठाऊक होतं.

विरोध कोणाचा होता?

गिरणी मालकांचा तर होताच. त्यांचा युक्तिवाद ओळखीचा वाटेल: उद्योग अजून बाल्यावस्थेत आहे, बंधनं घातली तर परदेशी मालापुढे टिकणार नाही, आणि कामगारांची स्वतःची काही तक्रार नाही.

अडचणीची गोष्ट पुढे आहे. भारतात फॅक्टरी कायदा कडक व्हावा म्हणून सर्वांत जोर लावत होते ते इंग्लंडमधल्या लँकेशायरचे कापड गिरणीवाले. मुंबईच्या मजुरांचा कळवळा त्यांच्यापैकी काहींना असेलही, पण मुंबईचं सूत आणि कापड स्वस्त पडतं, ही त्यांची मुख्य पोटदुखी होती. त्यामुळे त्या काळातल्या बहुतेक राष्ट्रवादी वृत्तपत्रांनी या कायद्यांना विरोध केला. परकीय स्पर्धकांनी रचलेला हा डाव आहे, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यात तथ्य होतं.

लोखंडे या कात्रीत सापडले होते. कामगारांच्या बाजूने बोललं की लँकेशायरची री ओढल्याचा आरोप, गप्प बसलं की पहाटेपासून राबणारी माणसं तशीच राहणार. त्यांनी बाजू निवडली. मागणी कोणाच्या फायद्याची आहे, यापेक्षा ती रास्त आहे का, हे त्यांनी बघितलं, एवढं त्यांच्या पुढच्या वाटचालीवरून म्हणता येतं. देशाच्या स्पर्धेसाठी मजुराने आणखी थोडं सोसावं, हा युक्तिवाद आजही जसाच्या तसा ऐकू येतो. फक्त लँकेशायरच्या जागी आता चीन आणि व्हिएतनाम असतात.

१० जून १८९०

१८८४ च्या अर्जातून लगेच काही निघालं नाही. १८८९ मध्ये पुन्हा अर्ज गेला. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर मोठी सभा झाली. सुमारे दहा हजार कामगार जमले आणि दोन महिला कामगारांनीही भाषणं केली. १८९० साली गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांनी हजारोंच्या सभेत बोलणं ही साधी गोष्ट नाही. याच वर्षी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला होता, हे लक्षात घेतलं की ते व्यासपीठ कसं असेल याचा अंदाज येतो.

सभेनंतर साप्ताहिक सुट्टीची मागणी गिरणी मालक संघाकडे गेली आणि १० जून १८९० रोजी मालकांनी ती मान्य केली. वार म्हणून रविवारच का? रविवार खंडोबाचा वार म्हणून तो मागितला, असं कारण नेहमी सांगितलं जातं. सरकारी कचेऱ्या रविवारी बंद असत आणि काही गिरण्याही त्याच दिवशी यंत्रं पुसायला थांबवत. व्यवहाराच्या दृष्टीनेही तो सोयीचा होता.

त्याच वर्षी केंद्र सरकारने नवा फॅक्टरी आयोग नेमला. मुंबईतून त्याच्या कामात लोखंडेही सहभागी झाले. १८९१ च्या दुरुस्त कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली, दुपारी अर्धा तास काम थांबवणं बंधनकारक झालं, स्त्रियांसाठी दिवसाला ११ तासांची मर्यादा आली आणि मुलांचं किमान वय नऊ झालं.

म्हणजे यादीतल्या पहिल्या दोन गोष्टी सात वर्षांत मिळाल्या. बाकीच्यांचं काय झालं?

न मिळालेला भाग

दुखापतीची भरपाई कायद्यात यायला १९२३ उजाडलं. पगार ठरलेल्या तारखेपर्यंत द्यायचा कायदा १९३६ मध्ये आला. लोखंडे यांनी दोन्ही पाहिले नाहीत. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली, लोक शहर सोडून पळत होते आणि लोखंडे रुग्णांच्या मदतीला थांबले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच त्यांचा मृत्यू झाला. महिन्याभरात पुण्यात सावित्रीबाईही याच साथीत गेल्या.

सर्वांत चिवट ठरला तो कामाच्या दिवसाचा शेवट. सुट्टी देणं मालकांना त्या मानाने सोपं होतं. जो विणकर नगावर काम करतो, त्याला न केलेल्या कामाचे पैसे द्यावे लागत नाहीत. शिवाय यंत्रं पुसायला गिरणी कधीतरी थांबवावीच लागते. पण दिवस कुठे संपवायचा, हा थेट उत्पादनाचा आणि नफ्याचा प्रश्न होता. १८९१ चा कायदा पुरुष कामगारांच्या तासांबाबत गप्प बसला.

मग वीज आली. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे लागले. बाजार तेजीत होता. सूर्यास्त ही आजवरची नैसर्गिक मर्यादा एका झटक्यात निघून गेली आणि काही गिरण्यांत कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. रविवारची सुट्टी होती. पण सहा दिवस असे गेल्यावर सातव्या दिवशी माणूस झोपण्यापलीकडे काय करणार? त्यावर्षी कामगारांनी दगडफेक केली, दंगे झाले, चौकशी समित्या बसल्या.

अखेर १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांमधल्या प्रौढ पुरुषांसाठी प्रथमच मर्यादा घातली, ती बारा तासांची. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या पहिल्याच कराराने जगासाठी दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास ठरवले. पण ब्रिटिश इंडियासाठी त्याच करारात वेगळं कलम घालून ६० तासांची सवलत ठेवली गेली. १९२० च्या संपात मुंबईच्या कामगारांनी दहा तासांचा दिवस मिळवला. कायदा मात्र १९२२ मध्ये ११ तासांवर आला, १९३४ मध्ये दहावर. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर मंत्री असताना, १९४६ च्या दुरुस्तीने, दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा आली. स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाने तीच कायम ठेवली.

बारापासून नवापर्यंत यायला ३५ वर्षं लागली. लोखंडे यांची १८८४ ची मूळ मागणी, साडेसहा ते सूर्यास्त, हीसुद्धा हिशेब केला तर दुपारची सुट्टी वजा जाता अकरा ते बारा तासांची भरते. ते मागत होते ते तेव्हाच्या परिस्थितीत शक्य वाटेल तेवढं.

विश्रांती म्हणजे न्याय, ही कल्पना आता कुठून येते?

गेल्या काही वर्षांत हीच गोष्ट वेगळ्या भाषेत अमेरिकेतून ऐकू येते आहे. शिकागोत वाढलेल्या कृष्णवर्णीय कलाकार-कार्यकर्त्या ट्रिशिया हर्सी यांनी २०१६ मध्ये अटलांटात 'नॅप मिनिस्ट्री' सुरू केली. धर्मशास्त्राचं शिक्षण, नोकरी, लहान मूल या ओढाताणीत त्या थकून गेल्या होत्या. त्याच वेळी गुलामगिरीच्या काळातल्या कागदपत्रांचा त्यांचा अभ्यास सुरू होता. आपल्या पूर्वजांच्या शरीराला यंत्र समजून वापरलं गेलं आणि आज आपण स्वतःच स्वतःला तसं वापरतोय, असं त्यांचं म्हणणं. त्यांची आजी रोज अर्धा तास डोळे मिटून शांत बसायची, ती आठवण त्या नेहमी सांगतात. लोकांना एकत्र बोलावून चटया-उशांवर झोपवण्याचे कार्यक्रम त्या घेऊ लागल्या. २०२२ मधलं त्यांचं 'रेस्ट इज रेझिस्टन्स' हे पुस्तक खूप गाजलं.

या मांडणीत दम आहे. थकवा सगळ्यांना सारखा वाटून येत नाही, त्याला वंशाचा आणि वर्गाचा इतिहास असतो, हे त्या ठामपणे सांगतात, आणि जात हा शब्द त्यात घातला की ते आपल्याकडेही लागू पडतं. पण लोखंडे यांच्याशी तुलना केली की फरक दिसतो. हर्सी यांचा भर माणसाने स्वतःच्या मनातून ही घाई काढून टाकण्यावर आहे. तासावर मजुरी मिळणाऱ्या माणसाला ते पटलं तरी तो आडवा होऊ शकत नाही. लोखंडे यांनी कामगाराला 'विश्रांती घे' असं सांगितलं नाही. त्यांनी मालकाला आणि सरकारला सांगितलं की यंत्र थांबवा.

आत्ताचा निर्णय नेमका काय आहे?

राज्य सरकारच्या निर्णयाचा मथळा 'बारा तास' असा झाला, पण तपशील बघायला हवा. कारखान्यांमध्ये दिवसाला १२ तासांपर्यंत काम घेता येईल. पूर्वी पाच तासांनंतर विश्रांतीची सुट्टी द्यावी लागायची, ती आता सहा तासांनंतर दिली तरी चालेल. तिमाहीत ओव्हरटाइमची मर्यादा ११५ तासांवरून १४४ तासांवर गेली आहे आणि त्यासाठी कामगाराची लेखी संमती लागेल. २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या दुकानं-आस्थापनांत दिवसाचे ९ चे १० तास झाले आणि तिथेही ओव्हरटाइम १२५ वरून १४४ तासांवर गेला.

सरकारचा युक्तिवाद असा: गुंतवणूक येईल, रोजगार वाढेल, मागणी जास्त असताना कारखान्यांना अडचण येणार नाही, आणि जादा कामाचा दुप्पट मोबदला आता उघडपणे मिळेल. आज कितीतरी ठिकाणी कागदावर आठ तास आणि प्रत्यक्षात बारा तास काम होतं, तेही ओव्हरटाइमशिवाय. हे वास्तव आहे आणि नियमात आणलं तर कामगाराचा फायदा होईल, असं म्हणायला जागा आहे. चार दिवस बारा तास काम करून तीन दिवस सुट्टी, असाही पर्याय सांगितला जातो. एखाद्याला तो आवडूही शकतो.

प्रश्न संमतीचा आहे. औद्योगिक वसाहतींमधल्या कारखान्यांत आज काम करणाऱ्यांचा मोठा भाग कंत्राटी आहे. पुढच्या महिन्यात आपल्याला ठेवतील की नाही, हे सुपरवायझरच्या मर्जीवर असताना लेखी संमती देणारा माणूस नकार देऊ शकतो का? आणि जादा कामाचे तास खरोखर नोंदले गेले की नाही, हे तपासणार कोण? २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतही दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास हे मूळ सूत्र आहे, पण तपासणी करणारा निरीक्षक आता 'निरीक्षक-नि-सुविधाकार' झाला आहे. या बदललेल्या नावातून सरकारचा कल समजतो.

शरीराचा हिशेब वेगळाच असतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांमध्ये ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळला. बारा तासांच्या पाळीत येण्याजाण्याचे दोन-तीन तास धरले की झोप, जेवण आणि घर यांना मिळून नऊ-दहा तास उरतात. पगार दुप्पट दराने मिळाला तरी हे तास वाढत नाहीत.

कार्यालयात बसून काम करणाऱ्यांकडे १९०५ चा विजेचा दिवा आता मोबाइलच्या रूपात आला आहे. कामाचे तास संपल्यावर फोन-ईमेलला उत्तर न देण्याचा हक्क असावा, असं खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं होतं, आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. खासगी विधेयकं सहसा मंजूर होत नाहीत. पण १८८४ चा अर्जही पहिल्या फेरीत मंजूर झाला नव्हता.

ज्यांना रविवारच नाही

दिवसाच्या तासांचा हा सगळा वाद कायद्याच्या कक्षेत येणाऱ्यांचा आहे. घरकाम करणाऱ्या बाईची सुट्टी आजही मालकिणीच्या स्वभावावर अवलंबून असते. ॲपवरून जेवण पोहोचवणाऱ्याला रविवारी सुट्टी घ्यायला कोणी अडवत नाही. फक्त त्या दिवशी ऑर्डर सर्वांत जास्त असतात. घरातल्या बाईचा रविवार तर बाकी सगळे घरी असल्यामुळे जास्तच कामाचा. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात विनामोबदला घरकामासाठी स्त्रिया दिवसाला २८९ मिनिटं देतात आणि पुरुष ८८ मिनिटं, असं दिसलं. या २८९ मिनिटांना साप्ताहिक सुट्टी लागू नाही.

आणि ऊसतोड. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षी लाखो माणसं कारखान्यांच्या पट्ट्यात जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती फिटेपर्यंत काम करायचं. त्यात एखादा दिवस कोयता चालला नाही, बाईला पाळीचा त्रास झाला, मूल तापलं, तर त्याला सुट्टी म्हणत नाहीत. त्याला 'खाडा' म्हणतात, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, सरकारला समिती नेमावी लागली. तेव्हा पुढे आलेल्या कारणांमध्ये हा खाडाही होता.

लोखंडे यांच्या नावाने २००५ मध्ये टपाल तिकीट निघालं. परळमध्ये राज्य सरकारची कामगार विषयाचं शिक्षण देणारी संस्था आहे, तिलाही त्यांचं नाव आहे. ज्या परळमध्ये १८८४ ची सभा झाली, तिथल्या बहुतेक गिरण्या आता बंद पडून टॉवर उभे राहिले आहेत. ऊसतोडीचा हंगाम मात्र साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. साखर कारखान्याचा पट्टा या काळात थांबत नाही, आणि मुकादमाच्या वहीत रविवारचा रकाना नसतो.